शिफारसपत्र आणि लिहिणाराची जबाबदारी

अनोळखी माणसाला घरांत घेणें किंवा पेढीवर बसविणें हा मोठ्या विश्वासाचा व्यवहार आहे, आणि हा सारा विश्वास बहुधा चार ओळींच्या एका कागदावर ठेवलेला असतो. अमुक इसम आमचेकडे इतकीं वर्षें नोकरीस होता, त्याची वागणूक चांगली आहे, एवढें लिहून खालीं सही झाली कीं, तो कागद घेऊन मनुष्य दुसऱ्या गांवीं जातो. तेथला नवा धनी त्या माणसाला ओळखत नसतो व पुष्कळदां जुन्या धन्यालाहि ओळखत नसतो. तरी केवळ त्या सहीच्या आधारावर तो आपल्या तिजोरीची किल्ली त्या माणसाच्या हातीं देतो. ही सही खोटी ठरली तर भरपाई कोणी करावयाची?

या व्यवहारांत उघड दिसणारे पक्ष तीन असतात: पत्र लिहिणारा, पत्र नेणारा आणि पत्र वाचणारा. परंतु पुष्कळ वेळां एक चौथाहि पक्ष असतो, आणि तो सर्वांत दुबळा असतो. नव्या जागीं त्या माणसाच्या हातीं ज्याचा जीव सोंपविला जाणार तो रोगी, किंवा तें शाळेंतलें मूल. त्याला तें पत्र कोणी दाखवीत नाहीं, व त्याची संमतीहि कोणी विचारीत नाहीं. लिहिणारानें खोटें किंवा अर्धेंच खरें लिहिलें, तर या तिघांपैकीं कोणाकोणाच्या हानीबद्दल त्याला जाब द्यावा लागेल, याचा निर्णय लागण्यास चारशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. इंग्लंडांत या इतिहासाचा आरंभ झाला, आणि त्याचा अत्यंत दुःखद अध्याय अमेरिकेंत लिहिला गेला.

१५६३ सालीं राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत इंग्लंडच्या पार्लमेंटनें कारागीर व चाकर यांच्यासंबंधीं एक मोठा कायदा केला. जुनी नोकरी रीतसर सोडल्याचा दाखला असल्यावांचून चाकरानें दुसरीकडे कामास राहूं नये, आणि दाखला न पाहतां चाकर ठेवणाऱ्या धन्यास पांच पौंड दंड व्हावा, असें त्यांत कलम होतें. खोटा दाखला दाखविणाऱ्या चाकराला तर भटक्या समजून फटके मारण्याची शिक्षा होती. चाकर प्रामाणिक आहे कीं अप्रामाणिक, हें मात्र त्या दाखल्यावरून कळत नसे. तो पळून आलेला नाहीं, एवढेंच त्यावरून सिद्ध होई. म्हणजे दाखल्याचा जन्म मजुराला जागीं बांधून ठेवण्यासाठीं झाला. त्याच्या गुणांची ओळख करून देण्याचें काम दाखल्याकडे मागाहून आलें.

अठराव्या शतकांत लंडन शहर अफाट वाढलें. खेड्यांतून हजारों तरुण स्त्रीपुरुष चाकरीसाठीं येऊं लागले, आणि शेजाऱ्याला विचारून माणसाची पारख करण्याची जुनी सोय नाहींशी झाली. १७५० सालीं कादंबरीकार व न्यायाधीश हेन्री फील्डिंग आणि त्यांचे अंध बंधु जॉन फील्डिंग यांनीं लंडनमध्यें एक नोंदणी कचेरी उघडली; तिच्यामार्फत इतर व्यवहारांबरोबर धन्याला चाकर व चाकराला धनी मिळवून देण्याचें काम चाले. चाकराच्या वर्तनाबद्दलच्या दाखल्याला इंग्रजींत 'कॅरॅक्टर' असेंच नांव पडलें होतें. माणसाचें शील आणि त्या शीलाबद्दलचा कागद यांना एकच शब्द असावा, ही गोष्ट त्या काळाबद्दल पुष्कळ कांहीं सांगून जाते. ज्याच्याजवळ हा कागद नाहीं त्याला शीलच नाहीं, असें जग मानूं लागलें. साहजिकच बनावट कागदांचा सुळसुळाट झाला. धन्याचें सोंग घेऊन खोटी शिफारस देणारे लोक निघाले, आणि अशा शिफारशीवर घरांत शिरलेले चाकर चांदीचीं भांडीं घेऊन पसार होऊं लागले.

यावर पार्लमेंटनें १७९२ सालीं चाकरांच्या दाखल्यांविषयीं स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्याच्या नांवानें दाखला देणें, चाकर अमुक काळ किंवा अमुक हुद्द्यावर होता असें जाणूनबुजून खोटें लिहिणें, दाखल्यांत खाडाखोड करणें, हे त्या कायद्यानें गुन्हे ठरले, व त्यांसाठीं वीस पौंड दंड ठेवण्यांत आला. घरकाम करणाऱ्या मोलकरणीला वर्षाकांठीं इतका पगार क्वचितच मिळे. त्यावरून या दंडाची जरब लक्षांत यावी. पुढें हा कायदा वापरांतून जवळजवळ गेला, तरी इंग्लंडच्या कायदेपुस्तकांत तो २००८ सालापर्यंत राहिला होता.

परंतु हा फौजदारी कायदा ठकांसाठीं होता. खरा धनी, खरी सही, पण मजकूर मात्र दिशाभूल करणारा, अशा ठिकाणीं काय करावयाचें? हा प्रश्न न्यायाधीशांपुढें दोन बाजूंनीं आला. पहिली बाजू चाकराची. धन्यानें त्याच्याबद्दल वाईट लिहिलें व त्यामुळें नोकरी गेली, तर त्याला अब्रुनुकसानीची फिर्याद करतां यावी कीं नाहीं? १७८६ सालीं वेदरस्टन विरुद्ध हॉकिन्स या खटल्यांत लॉर्ड मॅन्स्फील्ड यांच्या न्यायालयानें सांगितलें कीं, विचारणा झाल्यावर धन्यानें मनांत आकस न ठेवतां दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर फिर्याद चालत नाहीं. या निर्णयामागचा विचार व्यवहारी होता. खरें बोलल्याबद्दल धन्याला न्यायालयांत ओढलें, तर उद्यां कोणीच खरें बोलणार नाहीं, आणि चोर व सज्जन सारखेच गोड दाखले घेऊन हिंडतील. पुढें १८०० सालीं कॅरोल विरुद्ध बर्ड या खटल्यांत लॉर्ड केन्यन यांनीं असेंहि ठरविलें कीं, दाखला देण्याचें बंधन धन्यावर नाहीं. तो सरळ नकार देऊं शकतो. धन्याला या दोन निर्णयांनीं मोठें संरक्षण मिळालें. चाकराच्या वांट्याला मात्र धन्याच्या मर्जीपलीकडे कांहीं आलें नाहीं.

दुसरी बाजू पत्र वाचणाराची. १७८९ सालच्या पास्ले विरुद्ध फ्रीमन या खटल्यांत नोकरीचा प्रश्न नसून उधारीचा होता. फॉल्च नांवाच्या व्यापाऱ्याला माल उधार द्यावा कीं नाहीं, अशी विचारणा झाली असतां, तो भरंवशाचा आहे असें फ्रीमन यानें खोटें सांगितलें. त्या शब्दावर सुमारे सव्वीसशें पौंडांचा किरमिजी रंगाचा माल उधार गेला, आणि पैसे बुडाले. या खोट्यांत फ्रीमनचा कांहीं लाभ होता असें सिद्ध झालें नव्हतें. तरीहि चार न्यायाधीशांपैकीं तिघांनीं त्याला जबाबदार धरलें. जाणूनबुजून सांगितलेलें असत्य, आणि त्यावर विसंबल्यामुळें झालेली हानि, या दोन गोष्टी एकत्र आल्या कीं फिर्यादीला आधार मिळतो. सांगणाराला काय मिळालें हें पाहण्याचें कारण नाहीं, असें तत्त्व त्यांतून निघालें. १८३० सालीं फॉस्टर विरुद्ध चार्ल्स या खटल्यांत हेंच तत्त्व माणसाच्या शिफारशीला लागूं झालें. हेतु दुष्ट नसला, तरी खोटें आहे हें ठाऊक असून सांगितलें व त्यामुळें दुसऱ्याचें नुकसान झालें, तर कायद्याच्या दृष्टीनें ती फसवणूकच होय, असें मुख्य न्यायाधीश टिंडल यांनीं ठरविलें. दयेपोटीं खोटी शिफारस करणाऱ्या सज्जनांना हा पहिला इशारा होता.

तथापि या तत्त्वाला एक मोठी मर्यादा होती. जो जाणूनबुजून खोटें लिहितो तो सांपडतो. पण जो बेफिकीरपणें, चौकशी न करतां लिहितो, त्याचें काय? १८८९ सालीं डेरी विरुद्ध पीक या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, प्रामाणिक समजुतीनें केलेलें विधान निष्काळजीपणाचें असलें तरी ती फसवणूक नव्हे. तो खटला ट्रामवे कंपनीच्या भागविक्रीच्या पत्रकासंबंधीं होता, परंतु त्याची छाया शिफारसपत्रांवरहि पडली. पाऊणशें वर्षेंपर्यंत इंग्लंडांत निष्काळजी लेखणी बहुतेक मोकळीच राहिली.

या काळांत हिंदुस्थानांत काय चाललें होतें, हेंहि पाहण्यासारखें आहे. साहेबांच्या बंगल्यांवर काम करणारे खानसामे, आया, घोडेवाले यांच्याजवळ जुन्या धन्यांच्या चिठ्ठ्यांचें पुडकें असे, आणि बदली होऊन आलेला नवा साहेब त्या चिठ्ठ्या वाचून माणूस ठेवी. आपल्या 'चिठ्ठी'चाच इंग्रजींत 'चिट्' झाला, आणि १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशांत त्या शब्दाचा 'चाकराला दिलेला दाखला' असाहि अर्थ नोंदलेला आहे. एकाच्या चिठ्ठ्या दुसऱ्यानें दाखवाव्या, किंवा लवकर सुटका व्हावी म्हणून निरुपयोगी चाकराला भरघोस चिठ्ठी देऊन वाटेस लावावें, हे प्रकार त्या बंगल्यांच्या जगांत नेहमींचे होते.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें, तर १८६० च्या पिनल कोडांत अब्रुनुकसानीच्या ४९९ व्या कलमाला दहा अपवाद होते. त्यांतील नववा अपवाद आपल्या, दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हिताच्या रक्षणासाठीं सद्भावनेनें केलेल्या विधानाला संरक्षण देई. परंतु त्याच कोडाच्या ५२ व्या कलमानें 'सद्भावना' या शब्दाची व्याख्या कडक केली होती: योग्य काळजी व लक्ष दिल्यावांचून केलेली कोणतीहि गोष्ट सद्भावनेनें केली असें म्हणतां येणार नाहीं. म्हणजे चाकराबद्दल वाईट लिहावयाचें, तर केवळ आकस नसणें पुरेसें नव्हे. खातरजमाहि केली पाहिजे, ही कसोटी या देशाच्या फौजदारी कायद्यांत १८६० पासूनच होती. १ जुलै २०२४ पासून त्या कोडाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्यांतहि अब्रुनुकसानीचें कलम अपवादांसह कायम आहे. गिरण्या व कारखाने यांच्यासाठीं १९४६ सालीं स्थायी आदेशांचा कायदा झाला, तेव्हां त्याच्या आदर्श नियमांत कायम कामगाराला नोकरी सुटतांना सेवेचा दाखला मागण्याचा हक्क मिळाला. ज्या दाखल्यासाठीं पूर्वीं धन्याची मर्जी धरावी लागे, तो कामगाराचा अधिकार झाला, हा फरक लहान नव्हे.

आतां पुन्हां इंग्लंडाकडे वळूं. १९६३ सालीं हेडली बर्न विरुद्ध हेलर या खटल्यांत जाहिरातीचा धंदा करणाऱ्या एका पेढीनें आपल्या ग्राहक-कंपनीच्या पतीविषयीं तिच्या बँकेकडे चौकशी केली होती. बँकेनें अनुकूल उत्तर दिलें, ग्राहक बुडाला, पेढीचे सतरा हजार पौंडांहून अधिक गेले. बँकेनें 'आमचेवर जबाबदारी नाहीं' असें उत्तरांतच लिहिलें असल्यामुळें ती सुटली. पण न्यायाधीशांनीं तत्त्व मात्र असें सांगितलें कीं, समोरचा आपल्या शब्दावर विसंबणार आहे हें ओळखून जो माहिती देतो, त्यानें ती काळजीपूर्वक दिली पाहिजे.

या तत्त्वाचा लाभ नोकराला मिळण्यास आणखी एकतीस वर्षें लागलीं. १९९४ सालचा स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स हा तो खटला. विम्याचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाची नोकरी गेली व तो दुसऱ्या विमा कंपनीकडे गेला. त्या धंद्याच्या नियमांप्रमाणें जुन्या मालकाकडून माहिती मागविणें आवश्यक होतें. आलेली माहिती अशी होती कीं, हा मनुष्य सचोटीचा नाहीं असें वाचणाराला वाटावें. त्याला काम मिळेना. लिहिणाराच्या मनांत आकस होता असें सिद्ध झालें नाहीं. म्हणून जुन्या नियमाप्रमाणें अब्रुनुकसानीचा मार्ग बंद होता. परंतु चौकशी नीट न करतां हें लिहिलें गेलें होतें. पांचांपैकीं चार लॉर्डांनीं निकाल दिला कीं, शिफारसपत्र लिहितांना जुन्या नोकराच्या बाबतींतहि वाजवी काळजी घेण्याचें कर्तव्य मालकावर आहे. लॉर्ड कीथ यांचें मत मात्र निराळें होतें. अशानें मालक मोकळेपणीं लिहिणार नाहींत, ही लॉर्ड मॅन्स्फील्डच्या काळची भीति त्यांनाहि वाटत होती.

येथवर पत्र वाचणारा आणि पत्र नेणारा यांचा न्याय झाला. चौथ्या पक्षाचा न्याय अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि तो २७ जानेवारी १९९७ रोजीं झाला. एक शाळाधिकारी एकामागून एक अनेक शाळा-मंडळांत नोकरी करून गेला होता. विद्यार्थिनींशीं अश्लाघ्य वर्तन केल्याच्या तक्रारी त्याच्यावर ठिकठिकाणीं झाल्या होत्या. एका ठिकाणीं तर त्यामुळेंच त्याला राजीनामा द्यावा लागला होता. असें असतां त्या त्या ठिकाणच्या वरिष्ठांनीं त्याला पत्रें दिलीं तीं स्तुतीनें भरलेलीं. तक्रारींचा त्यांत उल्लेखहि नव्हता. एकानें तर कोणताहि आडपडदा न ठेवतां त्याची शिफारस केली होती. त्या पत्रांवर लिव्हिंग्स्टन गांवच्या शाळेनें त्याला उपमुख्याध्यापक नेमलें, आणि तेथें १९९२ सालीं तेरा वर्षांच्या एका विद्यार्थिनीवर त्यानें हात टाकल्याचा आरोप झाला.

त्या मुलीनें फिर्याद केली ती जुन्या शाळा-मंडळांवर. मंडळांचें म्हणणें असें कीं, या मुलीला आम्ही ओळखत नाहीं, तिला आम्ही कांहीं सांगितलें नाहीं, तिनें आमचीं पत्रें वाचलीं नाहींत. न्यायालयानें हा बचाव मानला नाहीं. शाळेंत नेमणूक होणार हें पत्र लिहितांना ठाऊक होतें. शाळेंत मुलें असणार, हें सांगावयास नको होतें. न्यायालयानें दोन मार्ग सांगितले: सारें खरें लिहा, किंवा कांहींच लिहूं नका. गुण सांगण्यास एकदां तोंड उघडलें, कीं त्या गुणवर्णनाचा अर्थ पालटून टाकणारें सत्य दडवितां येणार नाहीं. कारण अर्धें सत्य हेंहि असत्यच होय. मात्र न्यायालयानें ही जबाबदारी सरसकट लादली नाहीं. तिसऱ्या व्यक्तीला शारीरिक इजा होण्याचा मोठा धोका समजण्यासारखा असेल, तेथेंच ती लागूं केली.

या निकालाची दुसरी बाजू २००८ सालीं दिसली. लुइझियाना संस्थानांतील एका भूलतज्ज्ञाला, नशेच्या अवस्थेंत कामावर येतो म्हणून, त्याच्या सहकारी डॉक्टरांनीं काढून टाकलें होतें. पुढें त्याच डॉक्टरांनीं त्याला उत्तम वैद्य म्हणून पत्रें दिलीं. तेथील इस्पितळानें मात्र त्यानें कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम केलें, एवढेंच कळविलें. तो वॉशिंग्टन संस्थानांतील कॅडलेक इस्पितळांत गेला, आणि २००२ सालीं एका साध्या शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याच्या हातून एका तरुण स्त्रीच्या मेंदूला कायमची इजा झाली. कॅडलेकला पंचाहत्तर लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. त्या इस्पितळानें जुन्या डॉक्टरांवर व जुन्या इस्पितळावर दावा केला. अपील न्यायालयानें खोटीं पत्रें लिहिणाऱ्या डॉक्टरांना जबाबदार धरलें; पण केवळ तारखा कळविणाऱ्या इस्पितळाला सोडलें. मौन अश्लाघ्य असेल, परंतु नव्या मालकाला बोलून सावध करण्याचें बंधन त्याच्यावर कायद्यानें नव्हतें.

या निकालापासून व्यवहारी माणसांनीं जो धडा घ्यावयाचा तो घेतला: फक्त तारखा द्याव्या, गुणदोष लिहूंच नयेत. ही रीति आज अनेक देशांतील मोठ्या संस्थांत रुळली आहे. परंतु तिच्यांत दोघांचें नुकसान होतें. ज्यानें वीस वर्षें इमानानें काम केलें त्यालाहि दोन तारखा, आणि ज्याला घालवून दिलें त्यालाहि दोन तारखा. सज्जनाचें भांडवल नाहींसें होतें व दुर्जनाला पडदा मिळतो. १९७९ सालीं जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयानें याहून पुढचें पाऊल टाकलें होतें. चांगला दाखला दिल्यानंतर जुन्या मालकाला हिशेबनिसाची अफरातफर कळली. तरी त्यानें नव्या मालकाला कळविलें नाहीं. आपल्या दाखल्यावर कोणी विसंबून आहे हें ठाऊक असतां गप्प बसल्याबद्दल त्याला जबाबदार धरण्यांत आलें. अमेरिकेंतहि २०१५ सालच्या शिक्षणविषयक कायद्यानें, मुलांशीं गैरवर्तन केल्याचें ठाऊक असलेल्या माणसाला दुसऱ्या शाळेंत नोकरी मिळवून देण्यास शाळेच्या अधिकाऱ्यांनीं साह्य करूं नये, असे नियम करण्याची जबाबदारी संस्थानांवर टाकली.

न्यायालयांच्या या साऱ्या खटपटींतून निघणारा बोध साधा आहे. वाईट शिफारशीनें पोट मारलें जातें, आणि खोट्या चांगल्या शिफारशीनें जीवहि जाऊं शकतो. पहिल्या चुकीबद्दल तक्रार करण्यास निदान तो नोकर तरी जिवंत समोर असतो. दुसऱ्या चुकीची झळ ज्याला लागते, तो लिहिणाराला कधीं दिसतच नाहीं. म्हणून ती चूक हातून सहज होते, व तिला भूतदया हें सुंदर नांव देतां येतें. बिचाऱ्याचें पोट कशाला मारावें, असें म्हणून सही करणारा मनुष्य दुसऱ्याच्या खिशांतून दान करीत असतो.

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो, आणि त्यांत बहुधा 'चांगली' हा एकच शब्द पडतो. लहान मुलांच्या बाबतींत ती क्षमाशीलता योग्यच आहे. वाढत्या वयाच्या चुका त्याच्या पाठीस जन्मभर लावूं नयेत. परंतु तोच शब्द त्याच सवयीनें प्रौढ माणसाच्या शिफारसपत्रांत पडला, तर त्याचा अर्थ बदलतो. तेथें तो शब्द वाचून कोणी आपलें घर, कोणी आपली पेढी, कोणी आपलीं मुलें त्या माणसाच्या स्वाधीन करणार असतो. स्वतः पाहिलें तेवढें लिहावें. ऐकीव गोष्टीची खातरजमा करावी. प्रतिकूल लिहावयाचें असेल तर आधीं त्या माणसाचें म्हणणें ऐकून घ्यावें. आणि ज्याची शिफारस मनाला पटत नाहीं त्याला तोंडावर नकार देण्याचें धैर्य ठेवावें. नकार कडू लागतो, पण त्यानें तिसऱ्याच कोणाच्या तरी घरीं दुःख पोंचत नाहीं.